बारा ते एकचा पहारा

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन गावी आलो, तेव्हा भजनी मंडळाने पहाऱ्यांची यादी करायचं काम माझ्याकडे दिलं. ड्युट्या लावण्यात माझा जन्म गेलेला. शिवाय आवाज असा, की मी अभंगाला तोंड उघडलं की पखवाजवाला घाबरून वर बघायचा. मला वही-पेन देऊन कोपऱ्यात बसवणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

कडेगावजवळच्या आमच्या गावात दरवर्षी देवळात नामाचा सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा त्यातला मुख्य नियम. तासातासाला ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा, दोघं एकमेकांच्या पाया पडतात.

दुपारी बारा ते एकचा पहारा कुणालाच नको असतो. बाहेर पंगत बसलेली असते आणि आमटीचा वास थेट गाभाऱ्यापर्यंत येतो. तो पहारा टेलरमामांचा. मामा मुसलमान. देवळाच्या समोरच त्यांचं शिलाईचं दुकान. फार वर्षांपूर्वी, मी फौजेत असताना, एका दुपारी वीणेकऱ्याला निरोप आला की वडील शेतात पडलेत. पुढचा माणूस जागेवर नव्हता. त्याने देवळातूनच हाक मारली, "मामा, आवं, जरा धरा की!" मामांनी मशीन थांबवली, हातपाय धुतले आणि वीणा गळ्यात घेतली. तेव्हापासून तो तास त्यांचाच झाला.

मामा पाया मात्र पडायचे नाहीत. आमच्यात माणसापुढं वाकत न्हाईत, एवढंच त्यांनी मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांना सांगितलं होतं. बुवांनी विचारलं, "मग कसं करता तुमी?" मामांनी उजवा हात छातीवर ठेवला. बुवांनीही ठेवला. विषय संपला. त्यानंतर मामांकडून वीणा घेणारा प्रत्येकजण छातीवर हात ठेवू लागला. दीडला मशिदीत नमाज असायचा. मामांना उशीर होऊ नये म्हणून एकचा माणूस पाच मिनिटं आधीच येऊन उभा राहायचा. दरवर्षी यादी करताना मी बारा ते एकच्या रकान्यात आधी त्यांचं नाव लिहायचो आणि मग बाकीच्यांची डोकी खायला घ्यायचो.

मग बुवा गेले. मंडळात नवी माणसं आली. तीन वर्षांपूर्वी सप्ताहाच्या बैठकीत त्यातला एकजण म्हणाला, "आता फोटो सगळीकडं जात्यात. वीणा कुणाच्या गळ्यात हाय, लोक इचारत्यात." त्याने मामांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळे खाली बघत राहिले. ज्यांनी मामांच्या हातून वीस-वीस वेळा वीणा घेतली होती, तेही सतरंजीचे धागे उपसत बसले.

कुणीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो, आणि तेच नडलं. मी म्हणालो, "एवढी वर्सं सेवा केली त्यांनी. औंदा सत्कार करू. पाहुणे म्हणून खुर्चीवर बसवू, शाल देऊ." सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. भांडण टळलं म्हणून मलाही माझीच पाठ थोपटावीशी वाटली. शाल आणायला मी स्वतः सांगलीला गेलो. चांगली निवडून आणली. यादीत मामांच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव लिहिलं, तेही माझ्याच वळणदार अक्षरात.

आणि मामांना काय सांगितलं? काही नाही. सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीवरूनच म्हणालो, "मामा, उद्या बाराला या." ते हसले. "आजवर कवा चुकलोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मामा आले. धुतलेला पांढरा सदरा, स्वच्छ टोपी, ओले पाय. वीणेकऱ्यासमोर उभं राहून त्यांनी छातीवर हात ठेवला. वीणेकरी माझ्याकडे बघू लागला. तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "आजचे आपले सन्माननीय पाहुणे..." मी मामांचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीकडे नेलं. छातीवरचा हात त्यांनी वाटेत कधी खाली घेतला, मला कळलं नाही. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. ते माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "पाव्हणा कवापास्नं झालो वो मी?"

मामा एक वाजेपर्यंत नारळ मांडीवर घेऊन बसून राहिले आणि मग उठून नमाजाला गेले.

पुढच्या वर्षी बोलवायला गेलो तर म्हणाले, "तुमी आलासा, झालं. डोळं न्हाई साथ देत आता." पण सप्ताहाच्या सातही दिवशी बारा वाजले की त्यांची मशीन थांबायची. देवळातून दिसायचं सगळं. दाराकडे तोंड करून मामा मांडीवर हात ठेवून नुसते बसलेले असायचे. एक वाजला की उठायचे. मध्ये फक्त रस्ता. त्या तासाला तो ओलांडून मी दोन वर्षांत एकदाही गेलो नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटत होती.

यंदा उन्हाळ्यात मामा सांगलीच्या दवाखान्यात वारले. मयतीला मी गेलो. मंडळातले आणखी दोघं आले होते, ते कब्रस्तानच्या फाटकापाशीच थांबले. मी आत गेलो. जनाजा येत होता. खांदे सारखे बदलत होते. पुढचा बाजूला सरकायचा, मागचा त्याच्या जागी यायचा, आणि जनाजा कुठेही न थांबता, खाली न टेकता पुढे सरकत होता. मला आमची वीणा आठवली आणि डोळे भरून आले. मी नकळत छातीवर हात ठेवला आणि पुढे झालो. एवढा एक खांदा तरी द्यावा, म्हणून.

तेवढ्यात मामांच्या थोरल्या मुलाने माझा दंड धरला. लहानपणापासून तो मला काका म्हणत आलेला. रडून रडून डोळे सुजले होते, पण बोलण्यात राग अजिबात नव्हता. लिंबाच्या सावलीत त्याने एक खुर्ची ओढली, रुमालाने पुसली.

"पाव्हणं," तो म्हणाला, "ऊन लय हाय. तुमी हितं बसा."

मी बसलो.