विळ्याने कापलेला पट्टा

काल सक्करदऱ्याच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरताना थोडं हातावर सांडलं आणि त्या वासाने मला पारशिवनीकडची गवताची धावपट्टी आठवली. मी तेव्हा सहावीत होते. तिथलं गवत आई आणि मी म्हशींसाठी कापायचो. विमान आलं की बाजूला व्हायचो.

त्या सकाळी एक छोटं, हलकं विमान उतरताना कलंडलं आणि पूर्ण उलटलं. चालवणारा दादा सीटच्या पट्ट्यात अडकून उलटा लटकत होता. टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं. आई विळा घेऊन धावली.

"कापू नका काकू, मानेवर आपटीन!" तो ओरडला.

आई थांबली. मग गवताच्या भाऱ्याखाली शिरावं तशी ती वाकून त्याच्याखाली शिरली, त्याचे खांदे पाठीवर घेतले आणि विळा माझ्या हातात दिला. "काप आता."

पट्टा जाड होता. पेट्रोल आईच्या केसांत पडत होतं. इंजिन अजून तापलेलं होतं.

"हातात जीव नाही का वं तुह्या? भाकरी तर चार खाल्ल्या!"

पट्टा तुटला. दादा आईवर कोसळला आणि ती खाली दबली. मी रडत आईचे पाय ओढू लागले.

"मले काहून ओढून राहिली? त्याले काढ पहिले!"

मी त्याचा हात ओढला. तो सरपटत बाहेर आला, मग आई.

तेव्हा वाटलं, आई माझ्यावर चिडली. आता वाटतं, तिथे दबलेली तीही घाबरली असेल. तिला तसं विचारायचा मात्र मला अजून धीर होत नाही.