कॉन्टेसाचा गारवा आणि धुळाजी

धुळाजीला राग येतो, हे तलवाड्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं तो सुंदररावांची पांढरी कॉन्टेसा चालवत होता. सुंदरराव मागच्या सीटवरून वाट्टेल ते बोलायचे, निवडणूक हरल्याचं खापरसुद्धा त्याच्याच डोक्यावर फोडायचे, आणि हा आरशात बघून "व्हय मालक" एवढंच म्हणायचा. गाडीवर मात्र भारी जीव. दार कुणी आपटलं तर ह्याचाच खांदा दुखायचा.

त्या गाडीचा एसी तीन उन्हाळे बंद होता. जुन्या एसीला लागणारा गॅस आता बाजारात मिळेना. गेवराईच्या रहीम मिस्त्रीनं स्वच्छ सांगितलं होतं, "नवा गॅस चालंल, पण नुसता भरून भागायचं न्हाई. जुनं तेल धुऊन काढून नवं घालायचं, रबरी रिंगा बदलायच्या, ओल शोषणारा ड्रायर नवा टाकायचा. दोन दिवस गाडी माझ्याकडं सोडा."

सुंदररावांना दोन दिवस कुठले? नात संस्कृतीचं लग्न तोंडावर आलेलं. नवरी ह्याच गाडीतून उमापूरला सासरी जाणार, तीही गारेगार, असं ते व्याह्यांना सांगून बसले होते. धुळाजी सासुरवाडीला गेलेला बघून त्यांनी गाडी परस्पर हायवेवर एसीचा गॅस भरणाऱ्या एका टपरीवाल्याकडं धाडली. तासाभरात गाडी परत, आणि आत नुसतं बर्फ! सुंदरराव खूश.

लग्नाच्या सकाळी धुळाजी आला. नेहमीसारखं दार उघडलं, डॅशबोर्डावरच्या खंडोबासाठी उदबत्ती काढली, काडी पेटीला टेकवली, आणि हात तिथंच थबकला. वास! शेगडीचं बटण चालू राहिल्यावर स्वयंपाकघरात सुटतो, तोच. रात्रभर काचा बंद होत्या. सीटला, छताला, सगळीकडं तो वास भरून राहिला होता.

काडीपेटी त्यानं लांब भिरकावली, चारी दारं सताड उघडली आणि गाडी कुठं जाऊन आली ते घरच्या पोरांना विचारून टपरीवाल्याला फोन लावला.

"सिलेंडरचाच गॅस हाय की काका," पलीकडून हसत उत्तर आलं. "लई गार पडतंय ना?"

धुळाजी तडक मांडवात शिरला. सुंदरराव फेटा बांधून घेत होते.

"मालक, गाडीत चुलीचा गॅस भरला तुमी?"

"गॅस तो गॅस. वास येत आसंल तर अत्तर शिंपड जरा."

"अत्तर?" आवाज असा फुटला की सनईवाला सूर सोडून बघत राहिला. "म्होरं फटाके, बाजूला बिड्या वढणारे वऱ्हाडी, अन् मधी आपली पोर! सिलेंडरवर बसवून सासरी धाडता तिला? कावून? व्याह्यांपुढं मिरवायला?"

"आवाज खाली, धुळ्या. नोकर हाईस बे!"

"नोकर हाय म्हणून तर काडी माझ्या हातात होती! आत्ता, ह्या हातात! कपिलधारला जाताना ब्रेक लागंनात म्हणून सांगितलं, तर तुमी म्हणले, चल गुमान. गेलतो का न्हाई? गेलतो. आज न्हाई जायचा. जाळा मला, पण त्या लेकराला न्हाई."

फेटेवाल्याच्या हातातलं फेट्याचं टोक तसंच लोंबकळत राहिलं. सुंदरराव दुसरी गाडी मागवा म्हणून ओरडले. तेवढ्यात हळदीच्या हातांनी संस्कृतीच बाहेर आली.

"आजोबा, मी ह्याच गाडीतून जाणार. गॅस काढा अन् काचा उघड्या ठेवा."

धुळाजीच्या फोनवर रहीम फटफटीवरून आला. गाडी ढकलत मोकळ्या रानात नेली, बॅटरीची वायर सोडवली आणि गर्दीकडं वळून ओरडला, "बिडी पेटवली कुणी तर त्याची मय्यत मी इथंच काढीन!" मग हळूहळू सगळा गॅस सोडून दिला. संध्याकाळी संस्कृती गरम वाऱ्यात, घामानं भिजून सासरी गेली. सुंदरराव धुळाजीकडं बघेनात, आणि धुळाजी त्यांच्याकडं.

लग्नानंतर धुळाजीनं गाडी स्वतःच रहीमकडं नेली. प्रत्येक रिंग बदलताना तो शेजारी स्टूल टाकून बसून होता. नवा गॅस भरला. गारवा पूर्वीपेक्षा थोडा कमीच, पण वासाचं नाव नाही.

बीडला निघाल्यावर सुंदरराव मागं ऐसपैस टेकले. "बघ," ते म्हणाले, "तवा तर ह्याच्यापेक्षा गार होतं. उगं तमाशा केलास चारचौघांत."

धुळाजीनं एसी बंद केला. गाडी कडेला घेतली, उतरून चारी काचा खाली केल्या आणि पुन्हा निघाला. मे महिन्याचा वारा भट्टीसारखा आत घुसला.

"एसी लाव बे."

"न्हाई लावत."

सुंदररावांचा सदरा पाठीला चिकटला, उपरण्यानं मान पुसून पुसून लाल झाली. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "धुळाजी... चुकलं माझं."

धुळाजीनं आरशात बघितलंसुद्धा नाही. "आयकू न्हाई आलं, मालक. वारा लई हाय. जरा मोठ्यानं बोला."