आधी तारा उतरू द्या

मुलीच्या गिटारीची खुंटी बदलून घ्यायची, हे त्या दिवशीचं माझं शेवटचं काम होतं. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात गिटारी बनवणाऱ्या एका कारागिराची खोली होती. तो क्लासिकल गिटारीच्या नव्या मॉडेलची दुसरी गिटार घडवत होता. वरची फळी पातळ ठेवली की नायलॉनच्या तारांवरही आवाज भरदार निघतो, स्टीलच्या तारांचा ताण मात्र तिला झेपत नाही, असं तो सांगत होता.

तेवढ्यात दुकानदार आला. शहरात याच्या गिटारी ठेवणारं दुकान तेवढंच. नव्या मॉडेलची पहिली गिटार त्यानं परत आणली होती. तिची फळी फुगून वर आली होती.

"आवाज बारीक वाटला ओ, म्हणून स्टीलच्या तारा लावल्या," दुकानदार म्हणाला.

कारागिराच्या कपाळाची शीर तटतटली. तरी गिटार मांडीवर घेऊन तो एकेक खुंटी थोडी थोडी सैल करू लागला. ताण एकदम सुटला तर उरलीसुरली फळीही जाईल, म्हणून.

"एवढं काय चिडताय मालक? पुढच्या वेळी जाड फळी लावा की."

"थांबा. आधी तारा उतरू द्या. मग बोलतो."

मला राग आला की मी आधी बोलते आणि मग निस्तरत बसते. इथं तर माझ्याच मुठी वळल्या होत्या.

शेवटची तार निघाली. फळी फुगलेलीच राहिली. त्यानं तिच्यावर तळवा ठेवला.

"तुमच्या दुकानात माझी गिटार परत येणार न्हाय. कुणी ठेवली न्हाय, तर घरात वाजवीन. निघा."

दुकानदार पुटपुटत बाहेर पडला. त्याच्यामागे दार मी लावलं, धाडकन.