काळीवरची पांढरी

मदारचाचा गेले त्याला दीड महिना होत आला. परवा जवळा बाजारला गेलो, तर एका कापडवाल्याने विचारलं, "मास्तर, तो गवंडी तुमच्या तांड्यात काहून मेला? त्याला सोताचं घर नव्हतं का?" होतं, एवढंच म्हणालो आणि पिशवी उचलली. राग आला होता, म्हणून तिथे बोललो नाही. इथे लिहितो.

आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गाव वसलं त्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या जिथे चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, ती पांढरी. आमचा तांडा काळीवर. आजोबांनी बैलांवरून मीठ वाहणं सोडून इथे जमीन धरली, त्याला माझ्या लग्नाच्या वेळीच तीस वर्षं झाली होती, तरी गावाच्या तोंडी आमचा 'मुक्काम'च होता. "अजून हाय का मुक्काम?" असं लोक सहज विचारत. त्यांच्या मनात काही नसे, आणि तेच जास्त लागायचं.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं आणि बा इरेला पेटला. झोपड्या पुरे, सून माळवदाच्या घरात येईल! भिंतींना आणि माळवदाला, म्हणजे वरच्या सपाट मातीच्या छताला, त्याने आपल्याच शेतातली माती घातली. नव्याने जमीनवाला झालेल्या माणसानेच करावी अशी ती चूक. काळी माती उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते. आषाढात अर्धं माळवद खाली आलं. आई तेव्हा गोठ्यात होती म्हणून वाचली.

बाने गावातून मदारचाचांना बोलावलं. त्यांनी ढिगात हात घातला आणि हसले. "थावरा, ही ज्वारीची माती. हिला ऱ्हायची सवय न्हाई. माळवदाला पांढरीची माती लागती." गावातल्या पडक्या गढीजवळ तिचा ढीग होता. बा मागायला गेला, तर जाणती माणसं म्हणाली, पांढरीची माती गावाबाहेर जात नाही; तुम्ही उद्या उठून जाल, माती कुठे न्याल? बा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चला, उठूच आता." आई भांडी बांधायला लागली...

तेवढ्यात चाचांची गाडी आली, पांढऱ्या मातीने भरलेली.

"मदारभाई, हे कुठून?"

"माह्या घरातून."

त्यांचं घर दोन खणांचं. मागचा खण आदल्या वर्षी पडला होता. त्याच्या मातीतून तो पुन्हा उभा करायचा होता. पण गवंड्याचं स्वतःचं काम नेहमी शेवटी. "एक खण हाय की," ते म्हणाले, "म्या आन् बुढ्ढी. कितीक जागा लागती?"

कामात चाचा भारी तिरसट होते. ओल्या मातीवर पाय ठेवला म्हणून नवऱ्या मुलाची, म्हणजे माझी, सगळ्या तांड्यासमोर आई-बहीण काढली. पण त्यानंतर दर चैत्रात माळवदावर नवा थर द्यायला यायचे, डोक्यावर त्याच पडक्या खणातल्या मातीची पाटी. अंगणात पाय टाकताच मोठ्याने म्हणायचे, "आलो रे पांढरीत!" गाव काही तसं म्हणालं नाही. चाचांचा मागचा खण मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

यंदा राज्य उलथलं, त्या गडबडीत त्यांची मुसलमानांची गल्ली जिवाच्या भीतीने रिकामी झाली. चाची आधीच वारली होती. भर दुपारी बा त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चला."

"कुठं?"

"पांढरीत."

कार्तिकात तापाने त्यांना धरलं. पडल्या पडल्या वर बघत विचारायचे, "गळून ऱ्हायलं का?" पावसाचा थेंब नव्हता. मी म्हणायचो, न्हाई चाचा. "गळणार न्हाई. माह्या मायनं सारवलेली माती हाय ती..."

त्यांचं घर आमच्या डोक्यावर आहे, हे मी त्या कापडवाल्याला सांगायला हवं होतं.

काल बा अंगणाच्या कडेला खणत होता. इतक्या वर्षांची चुलीची राख, शेण, पडल्या भिंतींचा चुरा मुरून तिथली माती पांढुरकी झाली आहे. चैत्रात थर द्यायला हीच चालेल. बाने मूठभर उचलली, चोळून पाहिली आणि चाचांना दाखवायला सवयीने मागे वळला.