अक्कांच्या शेताचा मक्ता

त्या विहिरीचा विषय निघाला की मी अजूनही हातातला पाण्याचा पेला खाली ठेवतो. तेव्हा मी एरंडोल तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो.

देवपुरात मुलीकडे राहणाऱ्या एका विधवा अक्कांचं आमच्या हद्दीत बागायती शेत होतं. गावातले एक वजनदार नाना ते वर्षानुवर्षं मक्त्याने कसत. मक्ता मात्र शेजारच्या शेतांच्या निम्माच. अक्कांनी रास्त रक्कम मागितली, नानांनी धुडकावली. गावातल्याच एका जोडप्याने ती कबूल केली आणि आठवड्याच्या आत त्यांची स्वतःची निसवलेली, घड लागलेली केळी कोणीतरी कापून टाकली.

पंचनाम्याला गेलो तर घड मातीत लोळत होते.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"कोणावर नाही, साहेब," नवरा खाली बघत म्हणाला.

बायको मात्र म्हणाली, "शेत आम्ही घेणारच."

शेजाऱ्यांनी आम्हाला पाहून दारं लावली. एकही साक्षीदार मिळेना.

पुढे एका दुपारी ठाण्यात फोन आला. दबका आवाज. "साहेब, आते त्यासनी इहिरमां औषध टाकनार शेतस." फोन कट. विहिरीत औषध, म्हणजे फवारणीचं विष.

त्या जोडप्याच्या विहिरीवर अख्खी वस्ती पाणी भरायची. जीप पोहोचली तेव्हा बायका पाणी शेंदत होत्या. मी ओरडूनच त्यांना थांबवलं. औषध पडलंय की नाही, सांगणार कोण? विहिरीवर शिपाई बसवला, पाण्याचा नमुना तपासणीला पाठवला आणि नाना व त्यांच्या सालदार गड्याला ठाण्यात आणलं.

नाना खुर्चीत रेलून म्हणाले, "पुरावा काय शे?"

सालदाराला वेगळ्या खोलीत घेतलं. मी गुन्ह्याचं काही विचारलंच नाही.

"तुझ्या घरी पाणी कुठलं रे?"

त्याचा बांध फुटला. "तठलंच, साहेब. मन्या पोरी बी तठलंच पेतस."

त्याच्या स्वतःच्या पोरींचंही पाणी त्याच विहिरीचं; फोनवरचा आवाज हाच होता. केळी त्यानेच कापली होती, नानांच्या धाकाने. विहिरीत विष टाकायला मात्र तो धजावला नव्हता. कडब्यात लपवलेला कीटकनाशकाचा डबा त्याने काढून दिला. पंचांसमक्ष तो जप्त केला आणि नानांना अटक केली. पाणी स्वच्छ निघालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चावडीवर सगळ्यांदेखत मक्ता पक्का व्हायचा होता. नाना कोठडीत, तरी कोणी तोंड उघडेना. शेवटी केळी गमावलेल्या त्या बाईनेच उठून रक्कम सांगितली, शेजारच्या शेतांइतकीच. अक्कांनी होकार दिला.

जमिनीचा मक्ता किती असावा, हे पोलिसांनी ठरवायचं नसतं. पण तो बोलून दाखवणारी बाई घरी जाऊन निर्धास्त पाणी पिऊ शकली पाहिजे, एवढं बघणं आमचं काम. ते सोपं नाही, हे मी त्या गावात शिकलो.