डिकॉक्शन खालून वर

आता काय सांगू तुम्हाला, मी निघालो होतो पक्षाला पुरोगामी करायला आणि पकडला गेलो स्वतःच्याच स्वयंपाकघरात. चहा घ्या तुम्ही. कॉफीचं नाव मात्र निदान माझ्यासमोर काढू नका.

झालं असं. माझ्या पुतण्याची बायको गिरिजा इथं म्हैसुरातच, हेब्बाळच्या फॅक्टरीत कामाला. तिचं पोर दिवसभर आमच्याकडे, विजयनगरला. त्या पोरामागे धावून धावून माझ्या बायकोचे, सुमित्राचे, गुडघे पार गेले. फॅक्टऱ्यांजवळ पाळणाघर नाही, म्हणजे आता गिरिजाला नोकरी सोडणं आलं. डबा भरताना पोरगी मान खाली घालायची, एवढंच.

म्हटलं, थांब, पक्षालाच सांगतो. मी पक्षाचा जुना कार्यकर्ता. सतरंज्या घालणारा, पण कार्यकर्ताच की.

महापालिकेच्या निवडणुकीचा जाहीरनामा ठरवायला वॉर्डाची बैठक होती. तिथं आपलं नेहमीचंच: चौकात कमान, कमानीला दिवे. मी उठलो. बोलणं सगळं कन्नडात झालं, तुमच्यासाठी मराठी करतो.

"स्वामी, कमानीखाली पोरं झोपवायची का? हेब्बाळला पाळणाघर घाला जाहीरनाम्यात. पक्ष काळाबरोबर चालला पाहिजे."

मागून नंजप्पा म्हणाला, "पोरं सांभाळणं बायकांचं काम, राव. त्यात पक्ष कशाला?"

इथं गप्प बसलो असतो तर? पण आम्ही पडलो जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठ्यांचे वंशज. तलवारी गेल्या, जिभा राहिल्या.

"बायकांचं? आमच्या घरी येऊन बघ. पोराची दुपटी मी धुतो. नाश्त्याला उप्पिट्टू मी करतो. सकाळची कॉफी माझी. सुमित्राला जाग येते ती कॉफीच्या वासानं."

खरं म्हणजे त्या वासानं जाग येते ती मला. पण टाळ्या पडल्या हो. टाळ्या पडल्यावर दुरुस्ती कोण करतं?

जाहीरनाम्याचं काम कमलम्मांकडे. निवृत्त हेडमिस्ट्रेस. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "राव सर, असा पुरुष म्हैसुरात आहे हे ठाऊक नव्हतं. उद्या सकाळी येतो आम्ही, तुमच्या हातची कॉफी प्यायला. नंजप्पा, तुम्हीपण चला. मग पाळणाघराच्या कलमाचं बघू."

घरी आलो तर सुमित्रा अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत बसलेली. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "उद्या कॉफी तू करून ठेव, मी नुसता ग्लास पुढे करतो."

"अहो, भाषणात मी झोपलेली होते, अल्वा? हो ना? मग झोपू दे की."

"सुमी, पाळणाघराचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणते. फिल्टर फळीवर आहे."

"कुठल्या फळीवर?"

ती नुसती हसली.

सकाळी मंडळी आली ती थेट स्वयंपाकघरात. आता, फिल्टर म्हणजे काय? एकावर एक दोन भांडी. वरच्याच्या तळाला भोकं. पावडर वरच्यात, तिच्यावर उकळतं पाणी, आणि खालच्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, थेंब थेंब उतरतं. म्हैसुरात हे शेंबड्या पोराला माहीत. मी पावडर घातली खालच्या भांड्यात आणि वरून ओतलं पाणी. झाला की चिखल.

कमलम्मांनी झाकण उचलून पाहिलं. "राव सर, पावडर खाली कशी?"

"मॅडम, आपलं धोरणच आहे ते. सगळं खालून वर यायला पाहिजे."

त्यांनी एक घोट घेतला. घेतला म्हणजे, चावला.

नंजप्पानं ग्लास ओट्यावर ठेवला. "माणूस खोटा, कलमपण खोटं. काढून टाका, मॅडम."

दारात गिरिजा उभी होती. कडेवर पोर, खांद्याला डब्याची पिशवी, कंपनीची बस गाठायची घाई. तिनं मान खाली घातली. ती मान बघितली आणि माझी जीभ पहिल्यांदाच सरळ चालली.

"मॅडम, कॉफी मी करत नाही. उप्पिट्टू नाही, दुपटी नाहीत. सगळं सुमित्राच्या गुडघ्यांवर चाललंय आणि ते आता चालेनासं झालंय. मी खोटा, पण पाळणाघर पाहिजे ते खरं."

"हे काल बोलला असतात तर आमची तोंडं वाचली असती," कमलम्मा म्हणाल्या आणि वळल्या. "नंजप्पा, तुम्हाला येते का कॉफी?"

नंजप्पा चपला शोधायला लागला.

"मग कलम राहील."

एवढ्यात आतून, पलंगावरून, सुमित्राचा आवाज आला. "मॅडम, अजून एक घाला. पाळणाघर उघडेपर्यंत पोर सांभाळायचं ते ज्यानं मागणी केली त्यानं."

एकमतानं मंजूर. नंजप्पाचा हात सगळ्यांत उंच. गिरिजानं पोर माझ्या कडेवर दिलं आणि बस गाठली.

तर हेब्बाळचं पाळणाघर पक्ष निवडून आल्यावर. विजयनगरचं मात्र चालू झालंय, आमच्या हॉलमध्ये. गिरिजाच्या मैत्रिणीपण आता आपापली पोरं सोडून जातात. लोक जिवाची पोरं बिनधास्त माझ्या हवाली करतात हो. फिल्टरला तेवढं सुमित्रा अजून हात लावू देत नाही.