रविवारचा काटा

कुणालाही काट्यावर उभं करण्याआधी सलीमभाऊ त्यावर लोखंडाचं वीस किलोचं माप ठेवायचे. आकडा बरोबर वीस आला की ते उचलून बाजूला ठेवायचे आणि मगच म्हणायचे, "ये आता. चप्पल काढ, मोबाइल ठेव. पाणी नाई पेली ना?" रविवारची सकाळ, अनशापोटी, दर वेळी तेच कपडे. एखादी पोरगी वाटेत चहा पिऊन आली तर तिला त्या आठवड्यात काटा नाही. "चहाच तोलाचा असन तं टपरीवर जाय," एवढंच बोलायचे.

काटा राइस मिलचा होता, ब्रह्मपुरीच्या बाहेरच्या रस्त्यावरच्या. सलीमभाऊ तिथे धान तपासायचे. पोत्यात हात घालून मूठभर धान काढायचं, एक दाणा दातांखाली फोडायचा आणि ओलावा सांगायचा. मशीनवर आकडा यायचा तो त्यानंतर. धान जास्त ओलं असेल तर तेवढं वजन कापून धरायचे. शेतकरी कुरकुरला तर म्हणायचे, "पाणी वैनगंगेत लय हाय, भाऊ. मिलले धान पायजे."

मिलमागे धान वाळवायचं मोठं अंगण होतं. तिथे ते पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना शिकवायचे. तरुणपणी स्वतः गोळाफेक करायचे, खांदे अजून तसेच होते. माझी प्रणाली त्यांच्याकडे जाऊ लागली, कारण आदल्या भरतीत तिची नोकरी गोळाफेकीवर गेली होती. धावण्यात पुढे, गोळ्यात मागे. अंगात मांसच नव्हतं. तिचे बाबा गेल्यापासून घर माझ्या खानावळीवर चालत होतं आणि पुढची भरती वर्षाच्या आत निघेल असं सगळे बोलत होते. ही संधी हुकली तर त्यापुढची कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पहिल्यांदा मिलवर गेले ती भांडायच्याच बेताने. "सलीमभाऊ, वजन वाढवून पोरीले पैलवान करता का?"

"बाई, तिचा गोळा काऊन जात नाई? मांगं जोरच नाई. वजन पायजे, पण मांसाचं. ओलाव्याचं नाई."

"आन् ते वळखता कसं?"

"तिघाइले इचारतो. काटा, फीता आन् गोळा. काटा वाढला, दंड बी वाढला, गोळा बी पुढं गेला, मंग ते खरं. एकटाच काटा बोलून राह्यला तं त्याचं आयकू नये."

मला माणूस पटला. मी दोन अंडी, भिजवलेले चणे आणि ताटात जास्तीचं वरण सुरू केलं. पहिल्या महिन्यात प्रणालीचं वजन कधी किलोभर वर, कधी किलोभर खाली. मी दर रविवारी चिडायची. सलीमभाऊ चिडायचे नाहीत. "एका रविवारचा आकडा म्हन्जे बजारातली अफवा, बाई. चार रविवार मिळून काय म्हनते ते पाहा." महिन्याच्या त्या दिवसांतलं वजन तर ते धरतच नसत. ते विचारायचं काम त्यांच्या बायकोचं, नसीमाभाभीचं.

त्यांची एक सवय मात्र मला तेव्हाही खटकायची. मिलच्या भिंतीवर खडूने सगळ्यांची नावं आणि वजनं लिहिलेली असत, वरून खाली, आणि ती ते मोठ्याने वाचत. प्रणालीचं नाव सगळ्यात खाली. "प्रणाले, तुह्या आईची खानावळ हाय का उपासाचा आश्रम?" मुली हसायच्या. प्रणाली हसत नसे.

थंडीत भरतीची जाहिरात आली आणि तिचं वजन अचानक चढू लागलं. दर रविवारी चढतं. गाल भरले, चेहरा गोल झाला. खानावळीतली पोरं म्हणाली, "काकू, ताई तब्येतीनं मस्त झाली." शेजारणी म्हणाल्या, पोरगी भरली. भिंतीवर तिचं नाव चार ओळी वर सरकलं. मैदानी चाचणी आता तोंडावर आली होती आणि मी सकाळी आणखी एक अंडं फोडत होते.

त्या रविवारी मी डबा घेऊन मिलवर गेले तेव्हा सलीमभाऊंनी प्रणालीला काट्यावरून उतरवलं आणि लोखंडी माप पुन्हा ठेवलं. वीस. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. वीसच. मग नसीमाभाभीने फीत्याने दंड मोजला. होता तेवढाच. गोळा टाकायला लावला. तो आधीच्या खुणेच्याही अलीकडे पडला.

"बाई, इकडे या. तिच्या पायाच्या नळीवर आंगठा दाबा. जोरानं."

मी दाबला आणि काढला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे मांस नोहे," सलीमभाऊ म्हणाले. "पोरी, काय खाऊन राह्यली तू?"

"काई नाई."

"मले धान फसवत नाई, तू काय फसवतं?"

प्रणालीने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. शृंगाराच्या सामानाच्या दुकानात, वजन वाढवायच्या गोळ्या म्हणून विकत होते. दोन महिने ती त्या घेत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिंतीवर रोज माह्यंच नाव खाली राहे."

सलीमभाऊंनी पाकीट हिसकून घेतलं आणि तुसाच्या भट्टीत फेकलं. "खतम. आजपासून एक बी नाई." मला ते योग्यच वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी धावताना प्रणालीला उलटी झाली आणि ती अंगणात कोसळली. सलीमभाऊंनी तिला मिलच्या गाडीत घातलं, मी खानावळीतून थेट दवाखान्यात पोचले. हात गार, रक्तदाब फार खाली. डॉक्टरीणबाईंनी काय काय घेत होती ते विचारलं, मी सांगितलं.

"आणि एकदम बंद कुणी केल्या?"

दारातून सलीमभाऊंचा आवाज आला, "म्या."

त्या रागावल्या नाहीत, सलाइन लावता लावता बोलत राहिल्या. गोळ्या स्टेरॉइडच्या असाव्यात, वाईटच होत्या. पण त्या चालू असताना शरीर ते द्रव्य स्वतः बनवायचं थांबवतं. अचानक तोडल्या की त्याला सावरता येत नाही. आता औषध देऊन हळूहळू उतरवावं लागेल, काही आठवडे. आज रात्र नीट गेली पाहिजे.

बाहेर बाकावर सलीमभाऊ बसले होते. एवढा मोठा माणूस, हात मांड्यांमध्ये दाबून धरलेले.

"बाई, मले शिव्या द्या."

"शिव्यानं सलाइन लवकर उतरते का? चहा घ्या."

चहा हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "ओलं धान कडक उन्हात एकदम वाळवलं तं दाना आतून चिरते. वरून दिसत नाई. मिलमंदी टाकलं का तुकडा पडते. जिंदगीभर लोकाइले सांगून राह्यलो, सावलीत वाळवा, पलटत राहा. आन् पोरीच्या टायमाले मीच भट्टीत टाकलं." कप बाकावर ठेवून म्हणाले, "गोळ्या बी मीच घ्यायले लावल्या. त्या भिंतीनं."

मी नाही म्हटलं नाही. ते खरं होतं.

रात्र नीट गेली. भरती मात्र तिच्याशिवाय झाली. पुढचे आठवडे मी रविवारी काट्याजवळ उभी राहायची आणि आकडा उतरला की मला हायसं वाटायचं. शेजारणी विचारायच्या, पोरगी पुन्हा काऊन वाळली? मी सांगायची, बरी होऊन राह्यली. सलीमभाऊंनी भिंत स्वतः पुसली. त्यानंतर भिंतीवर फक्त गोळाफेकीचं अंतर लिहिलं गेलं, आणि तेही प्रत्येकीचं आधीचं आणि आताचं. वजन ते जिच्या तिच्या कानात सांगायचे. थट्टा सुटली नाही, पण ती आता फेकीवर असे. "हे गोळा टाकून राह्यली का परसाद वाटून राह्यली?"

पुढच्या भरतीत प्रणाली लागली. वजन थोडंच वाढलं होतं, पण यावेळी तिघांचीही साक्ष एक होती. तिला गडचिरोलीच्या आतल्या भागात पोस्टिंग मिळालं.

गेल्या वर्षी सलीमभाऊंचं हृदय थकलं. मी भेटायला गेले तेव्हा उशांना टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी पायजमा वर सरकवला, नळीवर आंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच.

"पाहा बाई. माह्यं बी वजन वाढलं. कोनी पेढे नाई आनले."

"डॉक्टर काय म्हनते?"

"गोळ्या देऊन पानी काढून राह्यला. हळूहळू. समजदार हाय, सावलीत वाळवते."

प्रणाली सुट्टी काढून आली, बसस्टँडवरून थेट त्यांच्याकडे, वर्दीतच. अंगाने चांगली भरली होती. मला वाटलं, आता वजन विचारतील. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गोळा कुठवर जाते?"

"आता कोन टाकते, सर. ड्युटीच सरत नाई."

"मी इचारून राह्यलो."

ती उठली. परसात नसीमाभाभीने कोंबड्यांच्या खुराड्यापाशी तिचा जुना गोळा ठेवलेला होता. खिडकीतून त्यांना परस दिसत होतं. प्रणालीने बूट काढले, गोळा मानेशी धरला आणि टाकला. तो कुंपणापलीकडे गेला, शेजाऱ्याच्या वांग्यांत.

सलीमभाऊंनी डोळे मिटले. "आता जाऊन त्यायची माफी माग," म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते गेले.